आधी घड्याळ

कोपऱ्यात पाय पसरून झोपलेलं कुत्रं अचानक आखडतं. मान मागे जाते, पाय काठीसारखे ताठ होतात, मग चारही पाय सायकल मारल्यासारखे हलू लागतात, जबडा कटकट वाजतो, तोंडाला फेस येतो, फरशीवर लघवी पसरते. घरात एकच धावपळ उडते. कुणी चप्पल हुंगवायला धावतं, कुणी कांदा फोडतं, कुणी जबड्यात चमचा घालायला जातं, कुणी नावाने हाका मारत राहतं. या गडबडीत भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. माझं म्हणणं असं की या आजारात घरच्या माणसाच्या हातात जे काही आहे, ते जवळजवळ सगळं वेळेशी बांधलेलं आहे. झटका थांबवणं आपल्या हातात नाही, तो किती चालला हे बघणं आहे. औषध शोधणं आपलं काम नाही, ते आठच्या ठोक्याला देणं आहे. कुत्र्याच्या फिटवर सल्ले पुष्कळ मिळतात, पण मला विचाराल तर पहिला मान घड्याळाला द्यायला हवा.

बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. बघणाऱ्याला ती दोन मिनिटं दहा वाटतात, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. चपलेचा लौकिकही याच दोन मिनिटांवर उभा आहे. झटका सुरू झाला, चप्पल सापडेपर्यंत एक मिनिट गेलं, ती नाकाला लावली, अर्ध्या मिनिटाने झटका ओसरला, श्रेय चपलेला. तिच्याऐवजी वर्तमानपत्र नाकाला लावलं असतं तरी तो तेव्हाच ओसरला असता. आता पाच मिनिटांचं बघू. पशुवैद्यक पाच मिनिटांपुढे गेलेल्या झटक्याला तातडीची अवस्था मानतात, आणि त्यामागे कारण आहे. मेंदूत उत्तेजना आवरणारी यंत्रणा असते, तीच सर्वसाधारण झटका थांबवते. झटका लांबला की ती यंत्रणा थकत जाते, आणि जी औषधं तिच्यामार्फत काम करतात तीही उशिरा दिली तर कमी लागू पडतात. सतत आवळणाऱ्या स्नायूंमुळे अंग तापतं, आणि मे महिन्यातल्या विदर्भात तर ते तापायला फार वेळ लागत नाही. म्हणून पाच मिनिटं झाली की गाडी काढायची. डॉक्टरांनी आधी शिकवून ठेवलं असेल तर गुदद्वारातून डायझेपाम किंवा नाकातून मिडाझोलाम द्यायचं. चोवीस तासांत दोन किंवा अधिक झटके आले, किंवा एका झटक्यातून शुद्धीवर यायच्या आत दुसरा आला, तरी दवाखानाच. घड्याळ पाहिलेलं नसेल तर माणूस चाळिसाव्या सेकंदाला घाबरून कुत्र्याला उचलून जिन्यावरून धावतो, नाहीतर पंधरा मिनिटं ‘आता थांबेल, मग थांबेल’ म्हणत बसून राहतो. मधल्या वेळात करायचं ते अगदी थोडं आहे: टीपॉय बाजूला सारायचा, कुत्रं जिन्याच्या तोंडाशी असेल तर मागून धरून आत ओढायचं, टीव्ही बंद करायचा, पंखा लावायचा, आणि तोंडाच्या आसपास हात न्यायचा नाही. कुत्रं जीभ गिळत नाही. आपलं बोट मात्र त्याच्या दाढेखाली सापडू शकतं, आणि तेव्हा चावणं थांबवणं त्याच्या हातात नसतं.

यावर कुणीही म्हणेल, आपला जीव तडफडतोय आणि तुम्ही सेकंद मोजता? हा आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सर्वांगाला झटके येत असतात तेव्हा कुत्रं शुद्धीवर नसतं. आपली मिठी, आपली हाक, आपले डोळे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. पोचण्याची वेळ नंतर येते. झटका ओसरल्यावर कुत्रं उठतं आणि घरभर फिरत सुटतं. भिंतीला धडकतं, दाराच्या चुकीच्या बाजूला उभं राहतं, काही वेळ त्याला दिसतच नाही, कधी मालकालाही ओळखत नाही, आणि मग वखवखल्यासारखं खायला मागतं. ही अवस्था काही मिनिटं टिकते, कधी दिवसभरही. तेव्हा शांत आवाजात बोलणारं, पाण्याचं भांडं तोंडापुढे धरणारं, गॅलरीचं दार लावून घेणारं माणूस त्याला हवं असतं. आधीची दोन मिनिटं हात आवरून ज्याने घड्याळ पाहिलं, त्याच्या अंगात यासाठी त्राण उरतं.

आपल्याकडे या आजाराला फेफरं, आकडी, मिरगी अशी नावं आहेत, आणि वैद्यांचा शब्द आहे अपस्मार, म्हणजे स्मृती निसटणं. हा माणसाचाच रोग असं समजू नये. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथात हा आजार दैवी कोप नसून मेंदूचा आहे असं सांगताना पुरावा म्हणून शेळ्यांचा दाखला दिलेला आहे: त्यांनाही हा रोग होतो, डोकं उघडून बघा. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी जनावर या वादात साक्षीदार होतं, आणि आपण अजून कुत्र्याची दृष्ट काढत बसतो. निदानही पुष्कळसं कॅलेंडरवरच ठरतं. पशुवैद्यकीय अपस्मारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१५ साली व्याख्या घालून दिली: बाहेरचं कारण नसताना किमान दोन झटके, आणि त्यांच्यात चोवीस तासांहून जास्त अंतर. पहिला झटका सहा महिने ते सहा वर्षं या वयात आला, दोन झटक्यांच्या मधल्या काळात कुत्रं तपासणीत ठणठणीत आहे, रक्त-लघवीत काही नाही, तर तो बहुधा जन्मजात कल असलेला अपस्मार असतो. लॅब्राडॉर, बीगल, जर्मन शेफर्ड, बॉर्डर कोली अशा जातींत तो जास्त दिसतो. चार महिन्यांच्या, लस न झालेल्या पिल्लाला झटके येत असतील तर आपल्याकडे आधी डिस्टेंपरची शंका घ्यावी लागते. इवल्या जातीच्या पिल्लाची साखर उतरलेली असू शकते. एखाद्याने शेतातलं कीटकनाशक चाटलेलं असतं. आणि दहाव्या वर्षी पहिल्यांदा झटका आला तर मेंदूतली गाठ मनात ठेवून तपासायचं. म्हणजे डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘कधी आला, केव्हापासून येतो, किती वेळ चालला’ हे तीन प्रश्न एमआरआयच्याही आधी येतात, आणि एमआरआय तर मोजक्या शहरांतच होतो.

फेसाबद्दल एक सांगायला हवं, कारण आपल्या वस्त्यांत त्यावरून दगड उचलले जातात. तोंडाला फेस म्हणजे पिसाळलेलं, असं समीकरण पक्कं बसलेलं आहे. तेही वेळेवरून पडताळता येतं. रेबीजची लक्षणं दिसू लागलेलं कुत्रं दिवसागणिक खालावतं आणि सहसा दहा दिवसांच्या आत मरतं. अपस्माराचं कुत्रं थोड्याच वेळात भाकरी मागत उभं असतं. अर्थात अनोळखी कुत्रं चावलं असेल तर हा हिशेब करत बसू नये, जखम साबण-पाण्याने धुऊन थेट लस घ्यावी.

आता गोळीकडे येऊ. कुत्र्यांच्या अपस्मारावर आजही सर्वांत जास्त वापरली जाणारी फेनोबार्बिटल ही गोळी शंभरी ओलांडून गेलेली आहे. १९१२ साली ती बाजारात आली झोपेचं औषध म्हणून, आणि त्याच वर्षी आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरांनी तिने झटके कमी होतात हे नोंदवलं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ती माणसांसाठीची, तीस किंवा साठ मिलिग्रॅमची मिळते. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि प्रत्येक दुकानात ती असेलच असं नाही. ती द्यायची बारा तासांनी. सकाळी आठ, रात्री आठ. अर्धी गोळी सुरीने कापली की एक अर्धं ओट्यावर राहतं आणि दुसरं उडून गॅसखाली जातं. ते शोधून काढावं लागतं, भुगा झाला असेल तर नवी कापावी लागते, मग पोळीच्या तुकड्यात तूप लावून लपवावी लागते. कुत्रं पोळी खातं आणि गोळी ओठाच्या कडेने अलगद बाहेर काढून ठेवतं. हे रोज दोनदा, वर्षांनुवर्षं. सुरुवात केल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर कुत्रं झिंगल्यासारखं चालतं, पाणी ढोसतं, सारखं खायला मागतं. आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी बंद करणाऱ्याने औषधाला वेळच दिलेला नसतो. शिवाय ही गोळी एकदम तोडली तर त्या तोडण्यानेच जोरदार झटके येऊ शकतात. गणपतीला गावी जाताना पाकीट फ्रिजवर विसरणं म्हणूनच साधी चूक नव्हे. दुसरं औषध पोटॅशियम ब्रोमाइड. त्याची चाल गोगलगायीची: शरीरातलं निम्मं औषध बाहेर पडायलाच चोवीस-पंचवीस दिवस लागतात आणि पातळी स्थिरावायला सुमारे तीन महिने. मीठ वाढलं की मूत्रपिंडं ब्रोमाइड भराभर बाहेर टाकतात. म्हणजे डोस न बदलताही, दिवाळीत पाहुण्यांनी प्रेमाने भरवलेल्या चकली-फरसाणामुळे पातळी घसरू शकते. मग फटाक्यांना दोष देऊन मोकळं व्हायचं की चकलीला, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. लेव्हेटिरासेटाम दर आठ तासांनी लागतं, म्हणजे घरातल्या कुणाची तरी झोप त्यावर जाते.

‘या गोळ्यांनी लिव्हर जातं’ हे ऐकलं नाही असा श्वानपालक विरळा. यात तथ्य आहे. फेनोबार्बिटलने यकृताला इजा होऊ शकते, विशेषतः पातळी दीर्घकाळ वर राहिली तर. पण म्हणून काय करायचं? पातळी मोजायची. दोन आठवड्यांनी एकदा, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी, यकृताच्या तपासण्यांसकट. या औषधाची आणखी एक खोड आहे. शरीर ते फोडायला हळूहळू सरावतं आणि तोच डोस पुढे कमी पुरतो, म्हणूनही मोजायचं. आणि एकाच झटक्यावर गोळी सुरू करा असं कुणी जाणता डॉक्टर सहसा सांगत नाही. सहा महिन्यांत दोन झटके, एका दिवसात अनेक झटके, पाच मिनिटांपुढचा झटका, किंवा झटक्यानंतरची अवस्था फार वाईट असणं, अशा खुणा बघून ठरतं. न दिलेल्या औषधाचीही किंमत असते, ती यकृताच्या रिपोर्टवर दिसत नाही एवढंच. वारंवार, एकामागून एक येणारे झटके कुत्र्याचं आयुष्य कमी करतात.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा मात्र एका विचित्र निष्कर्षातून मिळतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २०१० साली जुन्या औषध-चाचण्यांतली फक्त तीच कुत्री वेगळी काढली, ज्यांना औषधच न घातलेल्या नकली गोळ्या मिळाल्या होत्या. अशा २८ कुत्र्यांपैकी २२ कुत्र्यांचे झटके कमी झालेले दिसले, आणि ८ कुत्र्यांचे तर निम्म्यावर आले. कुत्र्याचा गोळीवर विश्वास बसला, असं तर म्हणता येत नाही. अपस्मार मुळात भरती-ओहोटीने चालतो. माणूस उपाय शोधायला निघतो तो भरतीच्या टोकाला, आणि त्यानंतर काहीही केलं तरी ओहोटी येतेच. ताईत, तेल, परदेशी पूड, खाण्यातला बदल, सगळ्यांना याच ओहोटीचं श्रेय मिळतं. खाण्यातला प्रत्येक बदल थोतांड असतो असं नाही. मध्यम साखळीच्या स्निग्धांशाचा आहार २१ कुत्र्यांवर नीट तुलना करून तपासला गेला, त्यात तिघांचे झटके थांबले आणि आणखी सातांचे निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटले. पण हेही कळलं ते मोजल्यामुळे. म्हणून वही. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय केलं, गोळी चुकली होती का, आणि जमलं तर मोबाइलवर चित्रण, कारण चक्कर येऊन पडणं आणि फीट यांतला फरक डॉक्टरांना वर्णनापेक्षा त्यात लवकर दिसतो. अमावास्येला फीट येते असं वाटत असेल तर तेही लिहा. वर्षभराने कालनिर्णय शेजारी ठेवून बघा. वहीलाही मर्यादा आहेत हे कबूल. बरेच झटके झोपेत, विश्रांतीत येतात, घरी कुणी नसताना येतात. त्यांची साक्ष फक्त ओल्या अंथरुणाची आणि सरकलेल्या खुर्चीची. तेही लिहायचं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

शेवटी तो प्रश्न येतोच, आणि तो विचारणारा निर्दय असतोच असं नाही: कुत्र्यासाठी एवढं? रोजची गोळी, सहामाही रक्त, घर रिकामं टाकून सगळ्यांनी लग्नाला जाता येत नाही. आणि हे सगळं करूनही सुमारे एक-तृतीयांश कुत्र्यांत औषधांनी पुरेसा आळा बसत नाही. संपूर्ण मुक्ती थोड्यांनाच मिळते. तीन महिन्यांत एखादाच झटका आला तरी बरेच मालक त्याला यश मानतात, आणि मला ते रास्त वाटतं, कारण त्या नव्वद दिवसांतले उरलेले एकोणनव्वद दिवस कुत्रं दारात शेपूट हलवत उभं असतं. काही कुत्र्यांच्या बाबतीत मात्र हे प्रमाण उलटं होत जातं. झटक्यांमधलं अंतर आठवड्यावर येतं, मग दिवसांवर, आणि मधल्या वेळातही ते पूर्वीसारखं राहत नाही. तेव्हा त्याला शांतपणे जाऊ द्यावं का, हे ठरवणं कुणालाच सोपं नाही. कालच्या भयंकर रात्रीवरून ते ठरवू नये, आणि आजच्या चांगल्या सकाळवरून टाळूही नये. वहीची शेवटची सहा महिन्यांची पानं डॉक्टरांसोबत बसून वाचावीत.

घरात असं कुत्रं असेल तर त्याच्या अंथरुणावरून मान वर केली की घड्याळ दिसतं का, ते आज बघा. आणि वहीच्या पहिल्याच पानावर, रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, तो दवाखाना कोणत्या वारी बंद असतो त्याच्यासकट.