बॅटरी धरणारा

परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका भरली की आपण हात वर करून पुरवणी मागतो. आपल्या बडोद्यात शाळा मराठी असो की गुजराती, पुरवणीला पुरवणीच म्हणतात. कॉम्प्युटर गेमलाही अशी पुरवणी असते. मूळ खेळ लोकांना आवडला की त्याला जोडून गोष्टीचा पुढचा भाग, दोन-चार नवी शस्त्रं, काही नवे राक्षस असं वेगळं विकायला येतं. त्याला 'एक्सपान्शन पॅक' म्हणतात. उत्तरपत्रिकेच्या पुरवणीसारखीच तीही एकटी कामाची नाही. मूळ खेळ कॉम्प्युटरवर नसेल तर ती सुरूच होत नाही.

मी सांगणार आहे ती पुरवणी 'डूम ३' या भीतिदायक खेळाची आहे. 'रिझरेक्शन ऑफ ईव्हिल' हे तिचं नाव, आणि ती एप्रिल २००५ मध्ये आली. पण आधी मूळ खेळाबद्दल सांगायला हवं.

'डूम ३' आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट २००४ मध्ये काढला. साल २१४५, जागा मंगळ. तिथल्या एका बड्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नरकाचं दार उघडतं, आणि नुकताच कामावर हजर झालेला एक सैनिक त्यात अडकतो. आपण त्याच्या डोळ्यांनी बघायचं आणि त्याच्या हातांनी लढायचं. गोष्ट एवढीच. खरी करामत अंधाराची होती. तोवर बऱ्याच खेळांत भिंतींवरचा उजेड आणि सावल्या आधीच रंगवून ठेवलेल्या असत. जॉन कारमॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या या इंजिनात प्रत्येक दिव्याची सावली त्या त्या क्षणी मोजली जायची. दिवा हलला की सावली हलायची. उजेड नसेल तिथे मिट्ट काळोख.

आणि त्या काळोखात एक नियम होता. सैनिकाकडे बॅटरी आहे, बंदूकही आहे, पण दोन्ही एकदम हातात धरता येत नाहीत. 'एफ' दाबलं की बंदूक खाली जाऊन बॅटरी वर येते. पुन्हा दाबलं की बंदूक. म्हणजे दिसतं तेव्हा मारता येत नाही आणि मारता येतं तेव्हा दिसत नाही. लोक यावर फार चिडले. मंगळावर जाणाऱ्या माणसाकडे साधी चिकटपट्टी नसेल का, असे विनोद झाले. एका पठ्ठ्याने बंदुकीला चिकटपट्टीने बॅटरी बांधणारा बदल स्वतः बनवला, आणि त्याचं नावच 'डक्ट टेप' ठेवलं.

आमच्याकडे हा खेळ पोचला २००८ साली. २००४ च्या मानाने तो फारच जड होता. चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्र अडखळत चालायचं. माझं बीईचं पहिलं वर्ष सुरू झालं होतं, दादाला नोकरी लागली होती, आणि त्याच्या पगारातून घरात पहिल्यांदा बरा कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक, भाऊ दोन. शेजारी स्टूल ठेवून आम्ही वाटणी केली. चालणं आणि नेम धरणं दादाकडे, 'एफ'चं बटण माझ्याकडे.

लहानपणी लाइट गेले की बाबा फ्यूज बघायला स्टुलावर चढायचे आणि बॅटरी माझ्या हातात द्यायचे. "नीट धर! माझ्या तोंडावर नको, तारेवर!" हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू आलं असेल. तेच काम आता मंगळावर आलं होतं. कोपऱ्यात गुरगुर ऐकू आली की मी उजेड टाकायचा, काय आहे ते बघून लगेच 'एफ' दाबून हात रिकामा करायचा, मग दादाने गोळी झाडायची. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला की दोघेही मेलो. आईला एवढंच दिसायचं, की दोन मोठी मुलं अंधारात बसून एकमेकांवर ओरडताहेत.

मूळ खेळ संपल्यावर पुरवणी लावली. ती आयडीने स्वतः न बनवता नर्व्ह सॉफ्टवेअर या दुसऱ्या कंपनीकडून करून घेतली होती. इंजिन तेच, मंगळ तोच, फक्त दोन वर्षं पुढे. नवा सैनिक आहे, त्यालाही नाव नाही. डॉ. एलिझाबेथ मॅकनील ही शास्त्रज्ञ त्याला रेडिओवरून वाट सांगत राहते. जुन्या डूमची दुनळी बंदूक परत आली. वेळ संथ करणारी एक शापित वस्तू हाती येते, पण ती मेलेल्या माणसांच्या आत्म्यांवर चालते, त्यामुळे ती वापरताना आनंद होत नाही. आणि एक यंत्र मिळतं, 'ग्रॅबर'. त्याने पिंप, खोकी हवेत उचलता येतात. नोव्हेंबर २००४ च्या 'हाफ-लाइफ २' मध्ये असंच यंत्र होतं, त्यामुळे नक्कल म्हणून टीका झाली. आम्हाला मात्र आवडलं ते वेगळंच. राक्षसाने फेकलेला आगीचा गोळा ग्रॅबरने हवेतच झेलायचा आणि त्याच्यावरच परत टाकायचा. त्यासाठी गोळा अंगावर येईपर्यंत थांबावं लागतं. पळणाऱ्याला ते जमत नाही.

एवढ्या तक्रारी होऊनही पुरवणीने बॅटरीचा नियम बदलला नाही. आमचं स्टूल जागच्या जागी राहिलं.

२००९ च्या पावसाळ्यात बाबांना हृदयविकाराचा झटका आला. पहाटे दवाखान्यात नेलं. पुढचे अकरा दिवस कुणीही न ठरवता तीच वाटणी झाली. पैशांची सोय, औषधं, रक्त, फॉर्मवर सह्या, सगळी धावपळ दादाची. मी अतिदक्षता विभागाबाहेर आईजवळ बसलो. डॉक्टर काय म्हणाले ते वहीत लिहून घ्यायचं, आईला तिच्या शब्दांत समजावायचं, आणि दादा जिना चढून आला की दोन वाक्यांत सांगायचं, आता काय झालंय, पुढे काय लागेल. तिसऱ्या रात्री दादा भिंतीला टेकून म्हणाला, "तू इथे बसलायस म्हणून मला पळता येतंय रे." मला तोवर वाटत होतं की मी नुसताच बसून आहे. बाबा घरी आले. पुढे सहा वर्षं ते आमच्यात होते.

नोव्हेंबर २०११ मध्ये आयडीने 'डूम ३' चा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. सावल्यांच्या एका पद्धतीवर दुसऱ्या कंपनीचं पेटंट निघालं, म्हणून कारमॅकने तेवढा भाग बदलून लिहिला. मी बीईच्या शेवटच्या वर्षात होतो. अभ्यास सोडून तो कोड उघडला. मूळ खेळाचं एक फोल्डर आणि पुरवणीचं वेगळं. पुरवणीवाल्यांनी आधीच्यांचं काम जसंच्या तसं घेऊन त्यात आपल्या फायली घातल्या होत्या. ग्रॅबरची फाइल तिथे होती. आज माझी नोकरीही अशीच आहे. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडमध्ये, त्यातलं काही न मोडता, चार नव्या गोष्टी बसवायच्या. नवीन मुलांना हे दुय्यम काम वाटतं. मला वाटत नाही.

या खेळाच्या हिशेबात बॅटरी हे शस्त्रच धरलं आहे. म्हणून तर ती आणि बंदूक एकदम धरता येत नाही. बॅटरी धरणारा लढाईच्या बाहेर नसतो, हे मला तिथे दिसलं, आणि दवाखान्यातल्या त्या बाकड्याची आठवण झाली.

२०१२ च्या नव्या आवृत्तीत कंपनीने माघार घेतली. बॅटरी सैनिकाच्या चिलखतावर बसवली, बंदूक हातात राहिली. मूळ खेळ आणि पुरवणी, दोन्हीत. माझ्या आतेबहिणीचा मुलगा यंदा अठरा वर्षांचा झाला. त्याने तीच आवृत्ती हेडफोन लावून तीन रात्रींत संपवली. "मामा, यात घाबरण्यासारखं काय होतं?" त्याचंही बरोबर आहे. दोन्ही कामं एकट्याला जमू लागली की शेजारच्या स्टुलाची गरज उरत नाही.

तरीही कुणाला खेळायचाच असेल, तर जुना 'डूम ३' आणि त्याची जुनी पुरवणी शोधा. वय मात्र सतरा पूर्ण हवं, पाकिटावर तसं लिहिलेलं आहे, आणि ते उगाच नाही. भावाला, बहिणीला, मित्राला शेजारी बसवा. आणि बॅटरी कोण धरणार ते आधी ठरवून घ्या.