कोरमअभावी

'कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला कोरमचे बंधन राहणार नाही.' सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ही ओळ मी वीस वर्षं वाचत आलो. तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरी झालो आणि ती स्वतः टाइप करायची पाळी आली, तेव्हा तिच्यातली गंमत लक्षात आली. आमचे सभासद ३२. आदर्श उपविधींप्रमाणे दोन-तृतीयांश किंवा २०, यांतला लहान आकडा म्हणजे कोरम. तेव्हा आमचा कोरम २०. दहाच्या सभेला नऊ डोकी. मग आम्ही नऊ जण तहकूब होतो, म्हणजे त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून चहा पितो. साडेदहा वाजले की तेच नऊ जण नवी सभा भरवतात आणि उरलेल्या तेवीस घरांचा वर्षभराचा मेंटेनन्स ठरवून मोकळे होतात.

उपविधी लिहिणाऱ्याला आपली माणसं चांगली माहीत असावीत.

*

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणजे गणपतीच्या आधी घेतली तर 'आत्ता कुठे, तयारी चालू आहे', गणपतीत घेतली तर 'गावाला गेलोय' आणि नंतर घेतली तर 'पितृपक्षात कसली शुभ कामं ठरवताय?' एका सभासदाला मी म्हटलं, टेरेसचं वॉटरप्रूफिंग हे शुभकार्यात मोडत नाही. ते म्हणाले, "पण खर्चात मोडतं ना!"

*

बी विंगच्या टाकीचा व्हॉल्व्ह उलटा बसवलेला आहे. जगातले सगळे नळ उजवीकडे फिरवले की बंद होतात, हा उघडतो. कुठल्या प्लंबरने, कोणत्या साली हे केलं ते मिनिट्समध्ये नाही. आधीच्या सेक्रेटरींनी चार्ज देताना मला चौदा फायली दिल्या, दोन रबरी शिक्के दिले, शेअर सर्टिफिकेटांचं रजिस्टर दिलं. व्हॉल्व्हचं सांगितलं नाही. ते मला वॉचमनने सांगितलं, पाचव्या दिवशी, बी विंग अख्खी सकाळ कोरडी राहिल्यावर.

*

लिफ्टचं भांडण आमच्याकडे दर दोन वर्षांनी येतं, पावसाळी सर्दीसारखं. तळमजल्यावरचे काका उभे राहतात. "मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, मी पैसे का द्यायचे?" उपविधी सांगतात की लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखाच सोसायचा, कोणी वापरो न वापरो. मी वाचून दाखवतो. काका म्हणतात, मग पाण्याचं काय? पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर नि आकारावर. दुरुस्ती निधीचं काय? तो बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड पाव टक्का. काका ऐकून घेतात, मान हलवतात, आणि शेवटी सगळे पैसे त्याच आठवड्यात भरतात. तीन वर्षांत त्यांची एक रुपयाची थकबाकी नाही.

ज्यांची दीड वर्षाची थकबाकी आहे, ते सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ सभेत कधीच भांडत नाहीत. येतच नाहीत. थकबाकीवर सरळव्याजाने वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं हे मी त्यांना जिन्यात सांगितलं. त्यांनी हसून माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

*

हा सगळा खटाटोप पहिल्यांदा कुणी केला? १९०४चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली, आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. मागे माणूस होता श्रीपाद सुब्राव तलमकी. त्याआधी १९०६ मध्ये त्यांनीच शामराव विठ्ठल सहकारी बँक काढलेली. आधी पत, मग घर, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आमच्यात तो उलटा: बिल्डरने आधी घरं दिली, मग एकमेकांना ओळखायला आम्ही दहा वर्षं घेतली. कन्व्हेयन्सला तर त्याहून जास्त.

*

पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला हिंडायचं मी गिरगावात शिकलो, आठवीत. मोठी मुलं सोबत असत. नियम तीन, कुठे लिहिलेले नव्हते. एक, वर्गणी मागताना घरात बसायचं नाही, उंबऱ्यापाशीच उभं राहायचं. दोन, शेजारच्याने किती दिले हे सांगायचं नाही, विचारलं तरी. तीन, दोन रुपये दिले तरी पावती फाडायचीच, आणि नाव पूर्ण लिहायचं. एका म्हाताऱ्या आजी दरवर्षी सव्वा रुपया द्यायच्या आणि पावती देव्हाऱ्यात ठेवायच्या. अनंत चतुर्दशीनंतर हिशेब चाळीच्या जिन्याखाली लागे: मंडप, वीज, फुलं, प्रसाद, शिल्लक. त्या कागदापुढे जेवढी गर्दी व्हायची, तेवढी आरतीला मी पाहिली नाही.

आमच्या चाळीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर केशवजी नाईक चाळ. १८९३पासून तिथे सार्वजनिक गणपती बसतो. मूर्ती अजून लहान, मातीची, आणि येते-जाते पालखीतून. शंभराहून जास्त वर्षं उंची वाढवायचा मोह टाळणं ही मंडळाच्या कारभारातली सगळ्यात अवघड गोष्ट असणार. उंची वाढली की वर्गणी पुरत नाही. वर्गणी पुरेना की प्रायोजक येतो. तो आला की मग कमानीवर गणपतीपेक्षा त्याचा फोटो मोठा.

*

गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ साली आमच्या डोंबिवलीतूनच निघाली आणि मग महाराष्ट्रभर पसरली. त्या दिवशी नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या ताई सभेला मात्र एकदाही आलेल्या नाहीत. मी रागाने लिहीत नाही. नोंद करून ठेवतो.

*

खाडीपलीकडे भिवंडी. १९७० आणि १९८४, दोन दंगलींनी होरपळलेलं गाव. १९८८मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. कल्पना ऐकायला साधी होती. दंगल झाल्यावर नेमतात ती शांतता समिती म्हणजे प्रतिष्ठितांची बैठक. पांढरे कपडे, चहा, फोटो. खोपड्यांनी दंगल नसताना, गल्लीतली साधी माणसं घेतली. लूमवरचे कामगार, रिक्षावाले, टपरीवाले, बायका. हिंदू आणि मुसलमान बरोबरीने, आणि जोडीला त्या भागाचा पोलीस. बोलायचं ते धर्मावर नाही. गटार तुंबलंय, नळावर मारामारी झाली, कुणाचा पोरगा रात्री दारू पिऊन धिंगाणा घालतो, असलं. म्हणजे आमच्या सभेतला अजेंडाच!

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडीत दंगल झाली नाही.

त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला त्यात एकच बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या माणसांना एकमेकांचे चेहरे गटाराच्या निमित्ताने आधीच पाठ झालेले होते. अफवा आली तेव्हा कुणाचं दार ठोठवायचं हे ठाऊक होतं. पुढे १९९४मध्ये मुंबईत सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे वगैरे मंडळींनी मोहल्ला कमिट्यांची चळवळ चालवली. तीत पोलीस आणि वस्तीतली पोरं यांच्यात क्रिकेटचे सामनेही झाले. शांततेच्या व्याख्यानापेक्षा रनआउटवरून घातलेला वाद जास्त कामाचा.

आमच्या सोसायटीत मागे एका सभासदाने फ्लॅट विकायला काढला, तेव्हा 'कुणाला विकणार' हा प्रश्न सभेत आला. नाव न घेता सगळं बोललं गेलं. मी मिनिट्समध्ये लिहिलं, 'विषयावर चर्चा झाली.' ते वाक्य मला अजून टोचतं. एनओसी मी दुसऱ्या दिवशी सही करून दिली, पण सभेत गप्प बसलो होतो, हेही इथे लिहितो.

*

ओल्या कचऱ्याचं खत. घाटकोपरच्या जोशी लेनने नव्वदच्या दशकात कचरा गल्लीतच जिरवून दाखवला आणि महापालिकेच्या एएलएम, म्हणजे रहिवाशांनीच आपला परिसर सांभाळायच्या, योजनेला वाट दिली, हे मी सभेत सांगितलं. पुण्यात बहिणीच्या सोसायटीला गांडूळखतामुळे मिळकतकरात सूट मिळते, हेही सांगितलं. टाळ्या पडल्या. गेटाशेजारी दोन विटांचे हौद बांधले. पहिल्या महिन्यात अळ्या झाल्या, दुसऱ्या महिन्यात वास सुटला, तिसऱ्या महिन्यात तळमजल्यावरच्या काकांनी लेखी तक्रार दिली. मग त्याच काकांनी कोकणातल्या आपल्या आईची रीत काढली. सुका पालापाचोळा जास्त टाका, ओल्याच्या दुप्पट, आणि आठवड्याला आंबट ताक शिंपडा. ताक कोण देणार? काकूंनी द्यायला सुरुवात केली. वास गेला. आता चाळलेलं खत सभासदांना फुकट देतो, तर नेमके कचरा न वेगळा करणारेच पिशवी घेऊन पुढे असतात.

*

२०२०. त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती बसवली नाही, अकरा दिवस रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं. आम्हीही गणपती रद्द केला, वर्गणीतून ऑक्सिमीटर घेतले, औषधांच्या याद्या करून पोरांनी वाटल्या. हे आम्ही सगळ्यांना सांगतो.

न सांगण्याजोगं असं की त्याच कमिटीने घरकामाच्या बायकांना सात महिने गेटाच्या आत येऊ दिलं नाही, आणि दिलं तेव्हा लिफ्ट बंद ठेवली. बाहेर लावलेल्या नोटिशीला उपविधीचा कसलाही आधार नव्हता. सातव्या मजल्यावर जिन्याने चढणाऱ्या मावशी पन्नाशीच्या होत्या. तेव्हा मी कमिटीत नव्हतो. पण नोटीस मीही वाचली होती, आणि लिफ्टने वर गेलो होतो.

*

कमिटीत बायकांसाठी दोन जागा राखीव. आमच्याकडे बरीच वर्षं त्या 'मिसेस अमुक' अशा भरल्या जात आणि सह्या मिस्टर घरी जाऊन आणत. खरी कमिटी वेगळीच: दुसऱ्या शनिवारची भिशी. कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाच्या सुनेला रात्री माहेरी जावं लागलं, कुठल्या घरी डबा पोचवायचा, पहिल्या मजल्यावरच्या एकट्या आजोबांनी दूध आत घेतलं की नाही, हे तिथे ठरतं. मिनिट्स नाहीत, कोरम नेहमी पूर्ण. गेल्या वर्षी आजोबा न्हाणीघरात पडले तेव्हा दार फोडायचा निर्णय सोसायटीच्या ग्रुपवर चर्चेला जाईपर्यंत पाचव्या मजल्यावरची बँकेतली मुलगी किल्ली घेऊन पोचलीसुद्धा होती. आजोबांनी दुसरी किल्ली भिशीत ठेवलेली. सेक्रेटरीला पत्ता नव्हता.

*

नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्रातल्या महापालिका कायद्यात २००९ साली आली. मतदान केंद्राच्या हद्दीतल्या मतदारांनी बसून आपल्या भागाची कामं सुचवायची. आमच्या वॉर्डात ती भरल्याचं मी पाहिलेलं नाही. नोटीस निघाली असती तरी मी गेलो असतो का, हा प्रश्न मला अडचणीचा आहे.

*

गेल्या वर्षी पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. २०१९च्या शासन निर्देशांमुळे आता ५१ टक्के संमती पुरते. दहाची सभा, पावणेदहालाच खुर्च्या संपल्या. ३२ पैकी ३१ घरं हजर. पुण्याला राहणारे सभासद पहाटेच्या गाडीने आले. सहाव्या मजल्यावरचे थकबाकीदार पहिल्या रांगेत, हातात वही. नऊवारी-बुलेटवाल्या ताईंनी कार्पेट एरिया आणि कॉर्पस यांवर असे प्रश्न विचारले की सल्लागार घामाघूम झाला. तहकुबीची ओळ त्या दिवशी पहिल्यांदाच बिनकामाची ठरली आणि चहा कमी पडला.

तळमजल्यावरचे काका शेवटी उठले. म्हणाले, नव्या इमारतीत मला वरचा मजला द्या, लिफ्टचे पैसे वसूल करायचेत.

*

निवडणुकीत पाचव्या मजल्यावरची ती बँकेतली मुलगी सेक्रेटरी झाली. राखीव जागेवरून नाही. मी चार्ज दिला: सोळा फायली, दोन शिक्के, रजिस्टर, किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक किल्लीला मी लेबल लावलं होतं, त्याचा मला थोडा अभिमान होता.

आज सकाळी पावणेसहाला तिचा फोन.

"काका, बी विंगला थेंब नाहीये. मी स्वतः वर येऊन व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय."

"उघडलाय म्हणजे डावीकडे फिरवलास?"

"हो. मग कुठे फिरवणार?"

मी पायात चपला सरकवल्या.