घोड्याआधी गवत

घोडे आहेत म्हटलं की लोकांना रपेट आठवते. पुण्या-मुंबईहून आमच्याकडे आलेला पाहुणा गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतो, "बसायला मिळेल ना?" मिळतं की! पण तो ऑक्टोबरात आला असेल, तर आधी त्याच्या हातात फावडं येतं. जर्मनीतल्या येनाजवळच्या सासरच्या शेतावर घोड्यांचं करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. स्वारी हा घोडेपालनातला सगळ्यात लहान भाग. बाकी सगळं गवत, पाणी, चिखल आणि हिशेब. या चौघांचा कस लागतो तो शरदात.

येना म्हणजे कार्ल झाइसच्या भिंगांचं गाव. त्याची कार्यशाळा इथे १८४६ साली सुरू झाली. मीही आले ती प्रकाशशास्त्र शिकायला. घोडे लग्नामुळे आले. गाव नदीकाठी खोऱ्यात आहे आणि दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे उतार. या दगडात पाणी थांबत नाही. म्हणून आमची कुरणं जर्मनीच्या मानाने कोरडी, गवत बारीक आणि कमी. १९६० पर्यंत पूर्व जर्मनीतली शेती सक्तीने सहकारी संस्थांमध्ये ओढली गेली, घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर सासऱ्यांनी घरची जमीन पुन्हा स्वतः करायला घेतली आणि पहिल्यांदा आणले ते घोडे. तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला होता.

ऑक्टोबरच्या मध्याला गवताची वाढ थांबते. तिथून मेच्या सुरुवातीपर्यंत साधारण दोनशे दिवस घोडे कोठारातल्या चाऱ्यावर. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के वाळलं गवत लागतं, म्हणजे ५०० किलोच्या जनावराला ८ ते १० किलो. सहा घोड्यांचे रोजचे ६० किलो, हिवाळ्याचे १२ टन. गवताची एक गोल गाठ ३०० किलोची धरली तर चाळीस गाठी. त्यावर ओल लागणारं, बुरशी येणारं, पायदळी जाणारं म्हणून आणखी पाच. हा हिशेब कोठाराच्या दारामागे खडूने लिहिलेला असतो. सासऱ्यांचा नियम असा, की २ फेब्रुवारीला अर्धं गवत शिल्लक दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर त्याच दिवशी विकत घ्यायला निघायचं, मार्चची वाट बघायची नाही. मार्चमध्ये सगळेच निघालेले असतात. २०१८ च्या दुष्काळात इथल्या कुरणांवर उन्हाळ्यातच काही उरलं नव्हतं. तेव्हापासून या नियमाला घरात कोणी हसत नाही.

हा हिशेब मला परका वाटला नाही, त्याला कारण आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिलेलं आहे. त्यात पराक्रमाचा एक शब्द नाही. आहे ती चंदी-गवताची काळजी. पावसाळ्यासाठी साठवलेली दाणा-वैरण आत्ताच मनमानी उडवलीत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, असा त्यातला रोख. गंजीजवळ चूल पेटवू नका, रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत तपशील त्यात आहेत. घोडदळ चालवणाऱ्या माणसाचं हे पत्र आहे, आणि ते पहिल्या ओळीपासून कोठीवाल्यासारखं बोलतं. मराठी घोडदळाची छावणी पावसाळ्यात पडायची आणि दसऱ्याला मोहिमेसाठी हलायची. आमच्याकडे नेमकं उलटं. दसऱ्याच्या सुमाराला घोडे लांबच्या कुरणांवरून घराजवळ येतात. मी बागेतल्या झेंडूचा हार करते. तो ज्याच्या गळ्यात घालावा त्याच्या शेजारचा घोडा खाऊन टाकतो. ऋतू बदलला, तरी साठा पुरेल का हा प्रश्न तोच.

आगीची भीतीही तीच, फक्त इथे दिव्याची वात लागत नाही. पुरतं न वाळलेलं गवत गाठीत बांधलं तर ते आतल्या आत आंबतं, तापतं आणि आठवड्यांनंतरही आपोआप पेटू शकतं. म्हणून नव्या गाठींत लांब सळईचा तापमापक खुपसून आकडा लिहून ठेवायचा. ६० अंशांच्या पुढे गेला की गाठी स्वतः उपसायच्या नाहीत. आत हवा शिरली की भडका उडतो. अग्निशमन दलाला बोलवायचं. नवं गवत दीड-दोन महिने मुरल्याशिवाय घोड्यापुढे टाकायचंही नाही, पोट बिघडतं.

शरदातलं कुरण दिसायला निरुपद्रवी. प्रत्यक्षात वर्षातला सगळ्यात फसवा काळ हाच. वारा सुटला की मेपलच्या पंखवाल्या बिया गरगरत खाली येतात. त्यांतल्या सिकॅमोर मेपलच्या बियांत हायपोग्लायसिन नावाचं विष असतं. ते घोड्याचे स्नायू निकामी करतं. लघवी काळपट होते, घोडा उभा राहू शकत नाही आणि बहुतेकदा वाचत नाही. कुंपणाच्या वर नुसता मेपल दिसला म्हणून घाबरायचं नाही, बी हातात घेऊन बघायचं. दोन पंख जवळजवळ सरळ रेषेत पसरलेले असतील तर तो नॉर्वे मेपल किंवा शेतमेपल, धोका नाही. पंख एकमेकांकडे झुकून टोकदार कोन करत असतील, तर तेवढा कोपरा त्याच दिवशी कुंपण घालून बंद. भुकेला घोडा नको ते तोंडात घेतो. कुरणावरही गवताची एक गाठ टाकून ठेवली की तो बियांच्या वाटेला कमी जातो.

दुसरा फसवा प्रकार पहिल्या थंडीचा. रात्री दहिवर गोठतं, दिवसा लख्ख ऊन पडतं. उन्हात गवत साखर तयार करतं, थंडीमुळे वाढ होत नाही, म्हणून ती साखर पात्यातच साठते. आमच्या हाफ्लिंगर घोड्यांसारख्या सुटलेल्या अंगाच्या जातींना अशा गवताने खुराच्या आत दाह होतो आणि ते पुढचे पाय उचलायलाही तयार होत नाहीत. अशा दिवशी कुरण कितीही सुंदर दिसो, फाटक बंद आणि पुढ्यात वाळलं गवत.

खराऱ्याचंही तंत्र या दिवसांत बदलतं. घोड्याच्या अंगावर थंडीचे दाट केस येतात ते थंडीमुळे नव्हे, दिवस लहान होतो म्हणून. ऑगस्टअखेरच ते सुरू झालेलं असतं. केस उभे राहिले की त्यांच्यात हवा अडकते आणि अंगची ऊब टिकते. कातडीवरचं तेल पाऊस आत जाऊ देत नाही. म्हणून शरदात घोडा चकचकीत करायचा मोह आवरायचा. वाळलेला चिखल झटकायचा, खूर कोरायचे, बस. पुढच्या पायांवर घोडमाशीची पिवळी बारीक अंडी चिकटलेली असतात, ती मात्र बोथट सुरीने खरवडून काढायची. चाटताना ती घोड्याच्या तोंडात जातात आणि अळ्या हिवाळाभर पोटात राहतात. त्यांच्यावरचं औषध पहिल्या कडाक्यानंतर, माश्या संपल्यावर. झूल घालायची ती म्हाताऱ्यावर आणि आजाऱ्यावर. धडधाकट घोड्यावर झूल टाकली की त्याचे केस दबतात आणि आपण त्याची देवदत्त बंडी काढून घेऊन विकतची शाल दिल्यासारखं होतं. कोरडी थंडी घोडा सोसतो. त्याला हरवतात ते वारा आणि पाऊस एकत्र आले की. म्हणून डोक्यावर छप्पर, तीन बाजूंना भिंत आणि पायाखाली कोरडी जागा एवढं द्यावंच लागतं.

पाण्याकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. ताज्या गवतात बरंचसं पाणीच असतं. चारा वाळला की घोड्याची तहान वाढते, आणि नेमकं तेव्हाच हौदातलं पाणी गार झाल्याने तो कमी पितो. आतड्यात कोरडा गोळा बसतो आणि पोटशूळ उठतो. म्हणून चारा एकदम बदलायचा नाही, दोन आठवडे ओलं-सुकं मिसळत जायचं. हौदात किती पाणी कमी झालं ते रोज बघायचं. शंका आली तर घोड्याच्या कुशीला दोन्ही बाजूंनी कान लावायचा. पोटात गुरगुर ऐकू येत असेल तर बरं. एक कूस गप्प असेल तर पशुवैद्याला फोन, चहा नंतर.

आमच्या घरामागची टेकडी चढून गेलं की ते पठार लागतं, जिथे १४ ऑक्टोबर १८०६ रोजी नेपोलियनने प्रशियाच्या फौजेचा पराभव केला. आदल्या रात्री त्याच्या तोफा उभ्या चढणीवरून वर नेल्या गेल्या आणि सकाळची लढाई दाट धुक्यात सुरू झाली. तसलं धुकं इथे अजूनही ऑक्टोबरभर पडतं. लढाईच्या आदल्या दिवशी येनातच असलेल्या हेगेलने घोड्यावर बसलेल्या नेपोलियनला पाहिलं आणि मित्राला पत्रातून कळवलं, की आपण जगाचा आत्मा घोड्यावरून जाताना पाहिला. तत्त्वज्ञाला स्वार दिसला, ते ठीकच. पण ऑक्टोबरातल्या त्या उतारांवर हजारो घोड्यांना रोज काहीतरी खायला लागत होतं आणि ते आसपासच्या गावांच्या कोठारांतूनच आलं. चिपळूणच्या पत्रात जी भीती होती, ती इथल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला प्रत्यक्ष आली.

हल्ली महाराष्ट्रातही हौसेने घोडा घेणारे वाढले आहेत. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात रुबाबदार घोडा पाहून मन होणं स्वाभाविक आहे. तिथे आमच्यासारखी थंडी नाही, पण एप्रिल-मेचा कोरडा चारा आणि पावसाळ्यातला चिखल आहेच. म्हणून बाजाराला निघण्याआधी घरच्या घरी कागदावर गुणाकार करा. वर्षाचा चारा किती, तो कोरडा कुठे राहील, उन्हाळ्यात पाणी कुठून येईल आणि रात्री-अपरात्री येणारा पशुवैद्य कोण. या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की खुशाल घोडा बघायला जा. नाही मिळाली तर बाजार बघा, जिलेबी खा आणि रिकाम्या हाताने परत या.