गॅसची राखण

गणपतीच्या दिवसांत भर पंगतींत थोरल्या बंधूंनीं विचारलें, "काय रे, तुझे चिरंजीव जिनिव्हाला करतात तरी काय?" मीं मोठ्या अभिमानानें सांगितलें, "विश्वाच्या उत्पत्तीचा शोध." नेमका त्याच वेळीं चिरंजीवांचा फोन आला. पुतणीनें तो सर्वांस ऐकूं जाईल असा धरला. "सध्यां माझ्याकडे गॅस पुरवण्याचें काम आहे," तो साधेपणानें म्हणाला. "म्हणजे एवढें शिकून गॅसवालाच झाला म्हणा!" बंधू उद्गारले, आणि पंगत हसली. मीहि हसलों, पण रात्रीं मुलाला एक पत्र लिहिलें. त्यांतील शब्द येथें देण्याजोगे नाहींत. जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेणाऱ्या मॅट्रिक बापानें पदार्थविज्ञानाच्या डॉक्टरास 'जरा मानाचें काम माग' असें बजावलें, एवढें सांगितलें तरी पुरे.

उत्तर आलें नाहीं. दिवाळीला तो स्वतःच आला, आणि दुसऱ्या दिवशीं स्वयंपाकघरांत सिलिंडराजवळ पाट घेऊन बसला.

"अप्पा, २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यांत प्रोटॉनांच्या टकरी होतात, हें तुम्हांस ठाऊकच आहे. त्या पाहणारें आमचें सी. एम. एस. यंत्र १४,००० टनांचें. फ्रान्समधल्या सेसी गांवाखालीं सुमारें १०० मीटर खोल बसवलेलें. त्याच्या बाहेरच्या थरांत बेकलाइटच्या पेट्या आहेत. दोन तक्त्यांमध्यें फट अवघी २ मिलिमीटर, आणि त्या फटींत वायु. म्यूऑन नांवाचा कण त्यांतून गेला कीं वायूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. विजेच्या जबर दाबानें त्यांचा लोंढा होतो, आणि कण गेल्याची खूण उमटते. वायु बिघडला तर यंत्र आंधळें."

ह्या वायूचें मूळ प्रमाण ऐकून मला वैद्याच्या काढ्याची आठवण झाली. शीतकपाटांत वापरतात तो आर-१३४ए ९५.२ भाग, आयसोब्यूटेन, म्हणजे आपल्या सिलिंडरांतील ब्यूटेनचा सख्खा भाऊ, ४.५ भाग, आणि सल्फर हेक्झाफ्लोराइड केवळ ०.३ भाग. पहिला इलेक्ट्रॉन देतो. दुसरा भलतीकडे पसरणारे अतिनील किरण गिळतो. तिसरा चिमूटभर खरा, पण लोंढ्याची ठिणगी न होऊं देणें हें काम त्याचें. शिवाय बेकलाइट वाळूं नये म्हणून वायूंत बेतानें ओलावाहि राखावा लागतो. (हें सर्व आपल्याकडे पूर्वींच होतें असें आमच्या कट्ट्यावर कोणी तरी म्हणेलच. कणादांनीं परमाणु मानला हें खरें. सिलिंडर मानल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.)

"मग एवढा वायु रोज नवा आणतां?" सौ.नीं विचारलें.

"नाहीं, आई. बहुतेक सारा गाळून पुन्हां फिरवतों. महाग आहे म्हणून तर खरेंच, पण त्याहून मोठें कारण निराळें. पृथ्वी तापवण्यांत हा आर-१३४ए कार्बन डाय ऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट, आणि तो चिमूटभर वायु २२,००० हून अधिक पट जबर. एक नळी झिरपली तरी आम्हांला झोंप लागत नाहीं." त्याच बोगद्यावरील अ‍ॅटलास यंत्रांत २०२३ पासून ह्या मिश्रणांत कार्बन डाय ऑक्साइड घालून आर-१३४ए कमी केला, तो ह्याच काळजीपोटीं, असें त्यानें सांगितलें. आणि आणखी एक गोष्ट: सी. एम. एस.च्या अशा कांहीं पेट्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत व चंडीगडच्या पंजाब विद्यापीठांत जुळवल्या होत्या. ही मीं बंधूंसाठीं मुद्दाम टिपून ठेवली.

मग मीं भीत भीत पत्राविषयीं विचारलें. त्यानें पाकिटांतून घडी काढली. "पाळीवर असतांना आलें. समोरच्या आंकड्यांवरून नजर हलवायची नसते. म्हणून अर्धें वाचलें आणि ठेवलें."

"उरलेलें वाचूं नकोस," मी म्हणालों. त्यानें घडी माझ्या हातांत दिली.

घरीं असेतों रात्रीं निजण्यापूर्वीं रेग्युलेटर बंद आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम त्यानें कोणाला करूं दिलें नाहीं.