आमटीतली गोळी

गोळी मी पोळपाटावर ठेवून लाटण्याने चिरडली होती. पांढरी भुकटी झाली. बोटाला लावून चव पाहिली, जवळजवळ काहीच लागली नाही. तुरीच्या आमटीत घातली, वर कोथिंबीर पेरली आणि ताट ह्यांच्यासमोर ठेवलं. सलग तीन दिवस. ओळखीतल्या एका बाईंनी गोळ्या आणून दिल्या होत्या. ‘नकळत द्यायच्या, दारूची शिसारी येते,’ एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टरांना विचारायला हवं, हे तेव्हा मनात आलंसुद्धा नाही. सोळा वर्षांच्या संसारात मी अंगारे केले, उपास केले, लेकीची शपथ घातली. गोळी त्यातलीच एक वाटली.

हे इचलकरंजीत चार माग सांभाळायचे. रात्रपाळीहून येताना क्वार्टर ठरलेली. लग्नानंतरची काही वर्षं श्रावण कडक पाळायचे आणि आम्ही सगळे त्यावरच खूश असायचो. जो माणूस महिनाभर शिवत नाही तो व्यसनी कसा, असं सासूबाई म्हणायच्या, मलाही पटायचं. पुढे श्रावणाचे नुसते सोमवार उरले. मग तेही गेले. सकाळी उठल्यावर हात इतके थरथरायचे की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे, आणि एक घोट पोटात गेला की थरथर थांबे. त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

तिसऱ्या रात्री ते पिऊन आले आणि अर्ध्या तासात चेहरा, मान, छाती लालभडक झाली. उलट्या सुरू झाल्या. छातीवर हात ठेवला तर ठोके माझ्या तळव्याला हाणत होते. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि दातखीळ बसल्यासारखी मी गप्प होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि मला बाजूला घेतलं. “ताई, काय दिलंत ते खरं सांगा. उपचार त्यावर ठरणार आहेत.” तेव्हा मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

ती गोळी डायसल्फिरामची होती. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी एका विषारी द्रव्यात रूपांतर करतं आणि मग ते द्रव्य मोडून टाकतं. ही गोळी दुसरं काम अडवते, विष अंगात साचतं. दारू सोडलेल्या माणसाला, त्याला सांगून, तपासण्या करून दिली तर तिचा धाक कामाचा असतो. रोज पिणाऱ्याला नकळत दिली तर जिवावर बेतू शकतं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. हे सगळं डॉक्टरांनी मला न रागावता सांगितलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

ते संकट टळलं आणि दुसरं उभं राहिलं. दारू एकदम बंद झालेली. दवाखान्यातल्या तिसऱ्या रात्री हे पलंगावर उठून बसले, चादरीवरून काहीतरी उचललं आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत गाठी मारू लागले. तुटलेले धागे जोडत होते. “मालक येईल, भर भर,” असं मला, बहुधा शेजारच्या मागावरच्या कामगाराला, सांगत होते. माझी ओळखच नव्हती. घामाने बनियन भिजलेलं, बोटं मात्र अचूक चालत होती. अशा वेळी मेंदू दारूविना खवळतो, म्हणून झोपेचं औषध आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यावी लागतात. ‘मनावर घे आणि आजपासून बंद कर’ असं मी त्यांना कितीदा बजावलं होतं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरात बसून एकदम बंद करणं किती धोक्याचं आहे, हे त्या रात्री दिसलं. ही गोष्ट प्रत्येक घराला माहीत असायला हवी.

शुद्धीवर आल्यावर गोळीचं मीच सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, “आमटीत?”

तिथून पुण्याला, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीवर. ह्यांना तिथे पहिल्यांदा धीर आला तो समुपदेशकाकडे पाहून. तो स्वतः कधीकाळी पिणारा होता.

मला मात्र सहचरीच्या बैठकीने हलवलं. व्यसनी माणसांच्या बायकांचा गट. मी तिथे ह्यांच्या तक्रारी सांगायला बसले होते. एका बाईने विचारलं, “कामावर दांडी झाली की मालकाला फोन कोण करतं?” मी. ‘ताप आहे’ म्हणून. उधारी कोण फेडतं? मी, अंगणवाडीच्या मानधनातून. लेकीला ‘बाबा दमलेत’ कोण सांगतं? मी माया म्हणून जे करत होते त्याने पिण्याची वाट साफ होत होती. आणि आमटीतली गोळी? तीही त्याच जातीची, त्यांचं काम त्यांच्या पाठीमागे मी उरकायचं. त्या दिवशी मी खूप रडले.

घरी आल्यावर तीच गोळी पुन्हा आली, पण डॉक्टरांनी लिहून दिलेली, ह्यांच्या संमतीने. सकाळी चहाआधी ते स्वतः पाकीट फोडायचे आणि माझ्यासमोर पाण्याबरोबर घ्यायचे. खोकल्याचं औषध घेतानासुद्धा त्यात अल्कोहोल नाही ना, ते लेबलवर पाहायचे. यकृताची तपासणी चुकवत नव्हते. आठवड्यातून दोनदा ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, सभा.

तरी २०१५च्या दिवाळीत, बोनसच्या सुमाराला, ते प्याले. आधीचे पंधरा-वीस दिवस गोळी गालात धरून मोरीत थुंकत होते. मला कळलं ते त्यांनी स्वतःच सभेत सांगून घरी आल्यावर. मला राग आला, भीतीही वाटली. पण यावेळी मालकाला फोन मी केला नाही. त्यांनी केला, खरं कारण सांगून. खाडा कापला गेला. दुसऱ्या दिवशी स्वतःच डॉक्टरांकडे गेले. गोळी लगेच नाही, दारू अंगातून उतरल्यावर पुन्हा सुरू झाली. आणखी दीड वर्षाने ती डॉक्टरांनीच बंद केली. त्या दिवाळीनंतर त्यांनी दारू घेतलेली नाही. सभा चालूच आहे, आता नव्या माणसांना आणायला हेच जातात.

भाजी, भाकरी, भात मी वाढलेलं खातात. आमटी मात्र आजही स्वतः वाढून घेतात. मी काही म्हणत नाही. पातेलं आणि पळी त्यांच्याकडे सरकवते.