पायाखालचा पाट

गुडघे दुखू लागले, म्हणजे माणसाला आपल्या घराची खरी ओळख पटू लागते. ज्या घरात मी साठाहून अधिक वर्षे काढली, त्याच्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत हे मला गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते. आषाढात उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला, आणि मग एकेका पायरीचा स्वभाव मला कळू लागला. चौथी इतरांहून दोन बोटे उंच आहे. नववीवर पाय तिरपा पडतो. शेवटची अंधारात मुळीच सापडत नाही.

आमचे घर जुन्या पनवेलीतले. ओटी, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि मग परसू, अशी त्याची सरळ रांग आहे. जोते तीन पायऱ्यांचे आणि उंबरठा चांगला वीतभर उंच. कोकणातला पाऊस आणि पावसाबरोबर घरात शिरणारे विंचूकाटे ज्यांनी पाहिले आहेत, ते ह्या उंचीला नावे ठेवणार नाहीत. 2005 च्या जुलैत गाढी नदीचे पाणी गावात शिरले, तेव्हा ते आमच्या दुसऱ्या पायरीपाशी थांबले होते. तेव्हापासून त्या उंबरठ्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. तथापि कृतज्ञतेने गुडघा वाकत नाही.

दुखण्याच्या बाबतीत आम्ही पनवेलकर तेलावर फार विसंबून असतो. 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी येथे धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, आणि औषधांच्या बाबतीत गावाला दूर जावयाचे कारण उरले नाही. आमच्या घरी तर पाठ धरली की तेल, मान आखडली की तेल, असा शिरस्ताच होता. तेलाचा गुण मी नाकारीत नाही. परंतु रात्री चोळलेल्या गुडघ्याने सकाळी उठून तोच उंबरठा ओलांडावयाचा, हे काही मला पटेना. दुखणे अंगात जितके असते तितकेच ते घरातही असते, असा शोध मला लागला. आणि उशिरा शोध लागलेल्या माणसाच्या अंगी जो उत्साह संचारतो, तो माझ्याही अंगी संचारला.

पहिला मान जिन्याला मिळाला. पूर्वी आमच्या जिन्यावर हाती धरावयास एक जाड दोर लोंबत असे. दिसावयास गबाळा म्हणून मीच तरुणपणी तो काढून टाकला होता. आता सुताराकडून भिंतीला गोल सागवानी कठडा बसवून घेतला, तोही दोन्ही बाजूंना, कारण उतरताना कोणता गुडघा रुसेल ह्याचा नेम नसतो. उंबरठ्याला मी हात लावू दिला नाही. त्याच्या आत-बाहेर अर्ध्या उंचीच्या फळ्या ठोकल्या. ओटीवरच्या लांब हातांच्या आरामखुर्चीने तर मला फारच फसविले होते. बसावयास ती आईसारखी, पण उठू म्हटले तर सोडीत नाही! खोल बैठकीतून उठताना गुडघा अधिक दुमडतो आणि सगळा भार मांडीवर येतो. खुर्चीखाली चार इंचांचे ठोकळे दिले, आणि तिचा स्वभाव पालटला. परसात शौचकूपही नव्या तऱ्हेचा, खुर्चीसारखा बसविला. ह्याविषयी साहित्यात लिहिण्याचा प्रघात नाही. पण सुखाच्या हिशेबात त्याचा क्रमांक काव्याच्या वर लागतो.

ह्या कामासाठी गवंडी आला होता. "आलाच आहात, तर स्वयंपाकघरातली ओट्याची फुटकी फरशीही पाहा," असे मी सहज म्हणालो. तो आत गेला, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने विचारले, "काका, ओट्याखाली तो पाट कशाला ठेवला आहे?"

मला वाटे, फरशी गार लागते म्हणून. तसे मी सांगणार, तोच आतून आवाज आला, "त्याच्याशिवाय माझा हात पातेल्यात पोहोचत नाही हो!"

तो ओटा 1991 साली मी मोठ्या हौसेने बांधविला होता. तोवर आमच्याकडे स्वयंपाक खाली बसून होई. 'तुझी ऊठबस वाचली' असे मी तेव्हा सौभाग्यवतींना ऐटीत सांगितलेही होते. उंची किती ठेवावयाची असे त्या वेळच्या गवंड्याने विचारताच मी स्वतः भिंतीशी उभा राहिलो आणि हाताने खूण करून दाखविली. मी पाच फूट नऊ इंच आहे. ती चार फूट दहा. त्या ओट्यावर मी आजतागायत चहापलीकडे काही केलेले नाही.

1926 साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतीसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की ह्या स्थापत्यविशारद बाईंनी स्वयंपाकघराचा एक आराखडा केला. हालचालींना किती वेळ लागतो, किती पावले पडतात, हे मोजून केलेली अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे झाली. आपण तोवर कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असे ह्या बाईंनी पुढे मोकळेपणी सांगून टाकले. पण त्यांनी निदान मोजले तरी! मी मोजलेही होते, पण स्वतःला.

गवंडी म्हणाला, "काकू, जरा इथे उभ्या राहा. कोपर दुमडा." ती पाटावरून खाली उतरून भिंतीशी उभी राहिली. त्याने कोपराखाली चार-सहा बोटे सोडून पेन्सिलीची रेघ ओढली. माझ्या ओट्याहून ती बरीच खाली आली. इतकी वर्षे तिचे खांदे दुखत होते. रात्री मी स्वतः त्यांना तेल चोळून देत असे, आणि आपल्या ह्या सेवेचे मला मनातून थोडे कौतुकही वाटे.

"अगं, कधी बोलली का नाहीस?" मी विचारले.

"अहो, ओटा झाला त्या दिवशी तुम्ही किती आनंदात होतात," ती म्हणाली, आणि उतू जाणारे दूध उतरवावयास पुन्हा पाटावर चढली.

चार दिवस हातोड्याचे घाव घालून ओटा उतरविला. त्या दिवसांत माझ्या गुडघ्याची चौकशी कोणी केली नाही, आणि मलाही त्याची फारशी आठवण झाली नाही. पाट आता देवघरात गेला आहे. खांद्यांचे दुखणे सगळेच गेले असे नाही. इतक्या वर्षांचे ते, एका महिन्यात कसे जाईल? पण परवा सकाळी चहाची वाट पाहत मी दाराशी उभा होतो. ओट्याशी येताच तिने उजवा पाय उचलला, क्षणभर तसाच अधांतरी धरला, आणि मग सावकाश जमिनीवर टेकला.