एक नाव आणि त्याचे श्रोते

शब्दाचा अर्थ शब्दात किती असतो आणि ऐकणाऱ्यात किती, हा प्रश्न आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवला. उत्तर मात्र कळले ते २०१६ साली, दादाच्या आजारपणात, आणि तेही एका प्रथिनाच्या नावामुळे.

दादाला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्याची मुलगी, आमची पुतणी, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदराच्या मूलपेशींवर काम करत असे. एका रविवारी ती रुग्णालयातून प्रयोगशाळेकडे निघाली, तेव्हा वहिनींनी विचारले, सुट्टीच्या दिवशी कशाला? "पेशींचं माध्यम बदलायचंय, लिफ घालायचंय," ती म्हणाली. लिफ म्हणजे काय, असे आम्ही विचारले, तर तिने पूर्ण नाव सांगितले: ल्युकेमिया इनहिबिटरी फॅक्टर. त्यातला पहिला शब्द वहिनींना गेल्या तीन महिन्यांत पुरता ओळखीचा झाला होता. दुसऱ्याचा अर्थ भाषेचे शिक्षक या अधिकाराने आम्ही सांगितला: रोखणारा. वहिनी उठून उभ्या राहिल्या. "मग ते ह्यांना का देत नाहीत?"

पुतणीने पिशवी खाली ठेवली. "आई, ते औषध नाही गं." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, नुसत्या नावावर जाऊ नका."

नावामागची हकीकत तिने पुढे सवडीने सांगितली. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशींचा एक वाण प्रयोगासाठी वापरत. या पेशी प्रौढ होत नाहीत, केवळ विभागत राहतात. एका प्रथिनाच्या स्पर्शाने त्या प्रौढ होऊ लागल्या आणि त्यांचे विभाजन थांबले. १९८७ साली या प्रथिनाचे जनुक हाती आले. नाव पडले ते त्या एका वाणावरच्या परिणामावरून. म्हणजे नाव खोटे नव्हते. मात्र ते काचेच्या बशीतल्या पेशींपुरते खरे होते, आणि आम्ही ते दादाच्या खाटेपाशी ऐकले.

दुसरीकडे मूलपेशींचे संशोधक वेगळ्याच अडचणीत होते. उंदराच्या भ्रूणातील मूलपेशी १९८१ साली प्रयोगशाळेत वाढवता आल्या, परंतु त्यांच्याखाली दुसऱ्या पेशींचा थर अंथरावा लागे. या खालच्या पेशींचे विभाजन आधीच थांबवलेले असते. स्वतः न वाढता त्या वरच्यांना पोसतात. इंग्रजीत त्यांना 'फीडर' म्हणतात. आम्ही पुतणीला शब्द सुचवला: वाढपी. पंगतीत सर्वांना वाढणारा आणि स्वतः पानावर न बसणारा. वाढणे म्हणजे मोठे होणे आणि वाढणे म्हणजे पानात घालणे, हे दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात सांभाळणाऱ्या आपल्या भाषेचा तेव्हा आम्हांला थोडा अभिमान वाटला.

हे वाढपी नेमके काय वाढतात? १९८८ साली दोन गटांनी दाखवले की मूलपेशींना मूलपेशीच ठेवणारे प्रथिन म्हणजे हेच लिफ. ते काढून घेतले की थोड्याच दिवसांत उंदराच्या मूलपेशी आपले अनिश्चित बाल्य सोडून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी होऊ लागतात. ल्युकेमियाच्या त्या पेशींना जे 'प्रौढ व्हा' असे सांगते, तेच मूलपेशींना 'एवढ्यात प्रौढ होऊ नका' असे सांगते. विशेष म्हणजे दोन्हींकडे हा निरोप पेशीच्या आत पोचवणारा मुख्य दूतही एकच आहे, स्टॅट-३ नावाचा. निरोप एक, दूत एक; घर मात्र वेगळे.

मम्मटाचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. सूर्य मावळल्याची वार्ता सेनापतीला हल्ल्याची वेळ सांगते, अभिसारिकेला निघण्याची, मजुराला काम थांबवण्याची आणि गुराख्याला गुरे वळवण्याची. हे शिकवताना आम्ही नेहमी कवीच्या बाजूने बोलत आलो. ऐकणाऱ्याची स्थिती हीच अर्थाची अर्धी सामग्री असते, हे आम्हांला वहिनींच्या उभे राहण्याने शिकवले.

श्रोत्यांची यादी येथेच संपत नाही. १९९२ साली असे दिसले की लिफ नसलेल्या उंदरिणीच्या गर्भाशयात भ्रूण रुजतच नाही. तेच भ्रूण दुसऱ्या मादीत मात्र रुजतात. आणि १९९८ साली मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रथम वाढवल्या गेल्या, तेव्हा त्यांना मूलपेशी ठेवायला लिफ पुरेसे ठरले नाही. त्यांच्यासाठी पुढे दुसराच वृद्धिघटक रूढ झाला.

प्रयोगशाळेत येणारे लिफ पुष्कळदा ई. कोलाय जिवाणूकडून करवून घेतलेले असते. लिफचे जनुक त्या जिवाणूत घालतात आणि तो बिचारा अर्थ न कळणाऱ्या नकलकारासारखा सुमारे १८० अमिनो आम्लांची ती ओळ उतरवत राहतो. शरीरातल्या लिफवर शर्करेच्या साखळ्यांची भरघोस सजावट असते; जिवाणूला ती जमत नाही. तरीही त्याची ही निरलंकार प्रत मूलपेशींना पुरते कळते. अलंकाराशिवाय अर्थ पोचतो, हे अलंकारशास्त्र शिकवणाऱ्याने निमूटपणे मान्य करावे.

केमोथेरपीनंतर दादाच्या पांढऱ्या पेशी वाढाव्यात म्हणून जे इंजेक्शन देत, तेही ई. कोलायकडून करवून घेतलेले एक प्रथिनच होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. म्हणजे वहिनींची आशा दिशेला चुकली नव्हती, केवळ नावाला चुकली होती. दादा पुढल्या वर्षी गेला.

गेल्या वर्षी पुतणीने आपल्या कामाविषयी मराठीत व्याख्यान द्यायचे ठरवले आणि मसुदा आमच्याकडे पाठवला. स्टेम सेलला 'मूलपेशी' हाच शब्द आम्ही राहू दिला. मूळ आणि लेकरू असे दोन्ही अर्थ तेथे शोभतात. पुढे एका जागी तिने 'ल्युकेमियारोधक घटक' असे लिहिले होते. भाषांतर निर्दोष होते. आम्ही ते खोडले आणि तेथे नुसते 'लिफ' लिहिले. समासात कारण लिहायला पेन उचलले, आणि ठेवून दिले. व्याख्यानाला वहिनी पहिल्या रांगेत बसणार होत्या, हे तिलाही ठाऊक होते.